सावलीचा वारसा

आपल्या निवासी शाळेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ही स्मरणिका वाचकांच्या हाती पडत आहे. पत्र्याच्या दोन खोल्यांपासून आजच्या दुमजली वसतिगृहापर्यंतचा प्रवास, दहावीचे निकाल, देणगीदारांची नामावली, निरनिराळ्या क्षेत्रांत नाव कमावलेल्या माजी विद्यार्थ्यांची यादी हे सारे तिच्यात यथास्थित येईल आणि ते यायलाच हवे. संपादक मंडळाने आमच्याकडे ‘शिक्षणसंस्थेतील पर्यावरण आणि सांस्कृतिक जीवन’ हा विषय सोपविला, तेव्हा सहकाऱ्यांनी हसत विचारले, “हा तर विज्ञानाच्या शिक्षकांचा विषय, इतिहासवाल्यांचे येथे काय काम?” आम्हाला तसे वाटत नाही. झाडाला इतिहास असतो, पाण्याला इतिहास असतो आणि आपल्या समाजाच्या बाबतीत तर सावलीलाही इतिहास आहे.

हा इतिहास अस्वस्थ करणारा आहे. पेशवाईत अस्पृश्याची सावली अंगावर पडली तर विटाळ होतो, अशी समजूत होती आणि म्हणून सवर्ण माणूस समोरून येत असताना अस्पृश्याला रस्त्यावर वावरण्याची मुभा नव्हती. ‘जातिप्रथेचे उच्चाटन’ या १९३६ च्या निबंधात बाबासाहेबांनी ही वस्तुस्थिती नोंदवून ठेवली आहे. एकीकडे माणसाच्या सावलीचा विटाळ आणि दुसरीकडे झाडाच्या सावलीची बंदी. गावाच्या मधोमध वड किंवा पिंपळ असे, त्याला दगडी पार असे, पारावर गावाचे न्यायनिवाडे आणि गप्पागोष्टी चालत. आमचे आजोबा-पणजोबा मात्र त्या पारापासून अंतर राखून, उन्हात, हात जोडून उभे राहत. ज्या झाडाची मुळे साऱ्या गावाच्या मातीतून पाणी पीत होती, त्या झाडाची सावली साऱ्या गावाची नव्हती.

ही पार्श्वभूमी डोळ्यांसमोर ठेवली तरच मराठवाड्यातील एका महाविद्यालयाच्या परिसराचा अर्थ नीट कळतो. ते महाविद्यालय म्हणजे औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, मिलिंद महाविद्यालय; आणि त्याचा परिसर म्हणजे नागसेनवन.

त्या परिसराची कथा आम्ही नेहमी दौलताबादपासून सुरू करतो. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळ-अजिंठ्याची लेणी पाहण्यासाठी निजामाच्या राज्यात आले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा म्हणून सारे थांबले. प्रवासाने अंगावर धूळ बसली होती. किल्ल्याच्या वेशीजवळ पाण्याचे टाके होते. त्या पाण्याने त्यांनी हात-पाय-तोंड धुतले. एवढ्यावरून ‘टाके बाटवले’ असा ओरडा झाला, जमाव जमला, शिवीगाळ झाली. पुढे किल्ला पाहू दिला तोही पाण्याला शिवणार नाही या अटीवर, सोबत सशस्त्र शिपाई देऊन. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहिला आहे. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा सात वर्षे होऊन गेली होती. विलायतेच्या पदव्या, गोलमेज परिषदेतील कीर्ती, यांपैकी काहीही त्या टाक्याच्या काठावर उपयोगी पडले नाही.

त्या टाक्यापासून सुमारे पंधरा किलोमीटर अंतरावर, सोळा वर्षांनंतर, जून १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने आपले दुसरे महाविद्यालय सुरू केले. पहिले, म्हणजे सिद्धार्थ महाविद्यालय, १९४६ साली मुंबईत निघाले होते. मुंबईत महाविद्यालय काढणे आणि त्या काळच्या मराठवाड्यात काढणे यांत फरक होता. हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. मराठवाड्यात विद्यापीठ नव्हते. ते १९५८ साली आले. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यांतून आलेली मुले छावणीतल्या बराकींत बसून शिकू लागली. घरात अक्षर ओळखणारी ही पहिलीच पिढी. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. जागा होती शहराबाहेरची, डोंगराकडे जाणारी, उघड्या माळाची. मराठवाडा हा पर्जन्यछायेचा प्रदेश. सह्याद्री ओलांडताना ढगांतले पाणी सरून जाते आणि आपल्या वाट्याला उरलेसुरले येते. अशा माळावर इमारती उभ्या करायच्या आणि त्याच वेळी झाडेही वाढवायची, हा निर्णय सोपा नव्हता.

आता नावाकडे पाहा. महाविद्यालयाला नाव दिले ‘मिलिंद’. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला हा ग्रीक राजा मिनँडर मोठा वादपटू होता आणि भिक्खू नागसेनाशी झालेल्या संवादात आपल्या शंकांची उत्तरे पटली तेव्हा त्याने ते प्रांजळपणे मान्य केले. हा बौद्धिक प्रामाणिकपणा विद्यार्थ्यांच्या अंगी यावा म्हणून त्याचे नाव. परिसराला नाव दिले त्या राजाला उत्तरे देणाऱ्या भिक्खूचे, आणि त्याला शब्द जोडला ‘वन’. माळावर तेव्हा वन नव्हते. नगर, पुरी, वाडी, कॉलनी असे कितीतरी शब्द हाताशी असताना ‘वन’ हाच शब्द का निवडला गेला असेल? इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हाला त्याचे उत्तर राजगृह आणि श्रावस्तीत सापडते. बिंबिसाराने संघाला दिले ते वेळुवन. अनाथपिंडिकाने दिले ते जेतवन. जीवक वैद्याने दिले ते आम्रवन. बुद्धाची बहुतेक शिकवण झाडांखाली दिली गेली आणि त्यांचे वर्षावास अशा वनांत गेले. लुंबिनीचा शालवृक्ष, उरुवेलेचा पिंपळ, कुसिनारेची शालवृक्षांची जोडी: जन्म, संबोधी आणि महापरिनिर्वाण या तिन्ही घटना झाडांच्या साक्षीने घडल्या. सजीव झाडे-वनस्पती तोडू नयेत असा भिक्खूंसाठी विनयाचा नियम आहे. संयुत्तनिकायातील वनरोप सुत्तात बागा आणि वने लावणारे, पूल बांधणारे, पाणपोया घालणारे यांचे पुण्य अखंड वाढते, असा आशय आहे. सम्राट अशोकाने गिरनारच्या शिलालेखात औषधी वनस्पती लावल्याचे आणि विहिरी खोदल्याचे सांगितले, तर टोपऱ्याच्या स्तंभावर वाटेने वड लावल्याचे. म्हणजे ‘वन’ हा बौद्ध परंपरेत विद्यापीठाचाच एक पर्याय होता. उघड्या माळाला नागसेनवन म्हणणे ही त्या परंपरेची पुनर्स्थापना होती.

बाबासाहेबांना बागेची आवड होती. दिल्लीच्या निवासस्थानीही ते फुलझाडांत रमत. नागसेनवनातील जुनी मंडळी सांगत आली आहेत की बाबासाहेब मुक्कामी असले म्हणजे भेटायला येणाऱ्यांनी आधी एक झाड लावावे, झाडांना पाणी घालावे, असा त्यांचा आग्रह असे. ही तोंडी चालत आलेली आठवण आहे. पण पिढ्यांनी जपून ठेवलेली आठवणही समाजाला काय महत्त्वाचे वाटले ते सांगते. योगायोग असा की १९५० च्या जुलैमध्येच कन्हैयालाल मुन्शी यांनी देशभर वनमहोत्सव सुरू केला. सरकारी वनमहोत्सव वर्षातून एक आठवडा चालतो. नागसेनवनातल्या झाडांना पाणी मात्र बारा महिने घालावे लागले, तेव्हा त्या माळाचे नाव खरे झाले.

आम्ही विद्यापीठात इतिहासाचे विद्यार्थी होतो तो काळ नामांतर लढ्याच्या शेवटच्या टप्प्याचा. १९७८ च्या जुलैमध्ये विधिमंडळाचा ठराव झाला, त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्या सोळा वर्षांत नागसेनवनातली झाडे सभांचे मंडप झाली. दुपारी खानावळीतले जेवण करून मुले झाडांखाली पुस्तके उघडत; संध्याकाळी त्याच जागी पत्रके वाटली जात, कविता वाचल्या जात, वाद झडत. वसतिगृहाच्या खोलीत चार जणांना बसायला जागा नसे, झाडाखाली चाळीस जण बसत. आम्ही जो काही विचार करायला शिकलो, त्यातला बराचसा वर्गाबाहेर, त्या सावलीत शिकलो.

येथे सांस्कृतिक जीवनाचा मुद्दा येतो. पर्यावरण आणि संस्कृती हे दोन विभाग आपण आज वेगळे मानतो. एकाचा फलक हरित सेनेच्या खोलीवर, दुसऱ्याचा स्नेहसंमेलनाच्या मंचावर. मिलिंदच्या सुरुवातीच्या काळात ते वेगळे नव्हते, असे आमचे मत आहे. तेथील प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. शतकानुशतकांच्या अन्यायाचा पट मांडणारे ते नाटक विद्यार्थ्यांनी उभे केले आणि १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये धम्मदीक्षेच्या निमित्ताने नागपुरातही ते सादर झाले. ज्यांना गावच्या जत्रेतला तमाशा दुरून पाहावा लागे, त्यांची मुले रंगमंचावर उभी राहून आपलाच इतिहास सांगत होती. पुढे साठच्या दशकात याच परिसरात प्राचार्य म. ना. वानखेडे आणि प्रा. गंगाधर पानतावणे यांच्या पुढाकाराने ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघाले. तेच ‘अस्मितादर्श’ झाले आणि पानतावणे सरांनी ते अनेक दशके चालविले. दलित साहित्याची एक मोठी धारा या छोट्या, आडबाजूच्या महाविद्यालयातून वाहू लागली. प्र. ई. सोनकांबळे यांच्या आत्मकथनाचे नाव ‘आठवणींचे पक्षी’ असावे, हेही आम्हाला सूचक वाटते. पक्षी झाडावर येतात. आठवणींनाही बसायला कोठेतरी फांदी लागते.

आणि याच परिसराच्या मागे, विद्यापीठाच्या पाठीशी असलेल्या डोंगरात औरंगाबादची बौद्ध लेणी आहेत. रविवारी आम्ही पायी तेथे जात असू. सातव्या लेण्याच्या गर्भगृहात बुद्धमूर्तीच्या शेजारी भिंतीवर एक नर्तकी कोरलेली आहे आणि तिच्याभोवती वाद्ये वाजविणाऱ्या स्त्रिया आहेत. बौद्ध विहार म्हणजे मौन आणि कोरडेपणा असे समजणाऱ्यांनी ते शिल्प एकदा पाहावे. आपल्याकडच्या कितीतरी लेण्यांत पावसाचे पाणी साठविण्यासाठी कातळात टाकी खोदलेली असतात. कान्हेरीच्या शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे आणि ती दान देणाऱ्यांची नावे कोरून ठेवली आहेत. ध्यान, नृत्य-संगीत आणि पाण्याची साठवण या तिन्ही गोष्टी एकाच परंपरेने एकाच कातळात कोरल्या. आमच्या मते शिक्षणसंस्थेचा याहून चांगला आराखडा मिळणे कठीण.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो आपल्याच माणसांकडून येतो. “पर्यावरण हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत. आपल्याला नोकऱ्या हव्यात, आरक्षण टिकवायचे आहे, अत्याचार थांबवायचे आहेत. झाडे आणि चिमण्या नंतर पाहू.” हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. शहरातल्या ज्या मंडळींनी झाडांवर प्रेम केले त्यांतल्या पुष्कळांना झाडाखाली राहणारी माणसे दिसली नाहीत, हे खरे आहे. परंतु त्यासाठी हा विषयच त्यांना देऊन टाकावा का? महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा जंगल खात्याने गायराने हिरावून घेतल्याची तक्रार मांडली आणि माती वाहून जाऊ नये म्हणून बंधारे घालण्याची योजनाही सुचविली. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडला केला तो सत्याग्रह पाण्याचाच होता. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेला आणि देशाच्या जलनीतीला त्यांनी दिशा दिली. नैसर्गिक संपत्तीवर कोणाचा हक्क, हा आपल्या चळवळीचा मूळ प्रश्न आहे. दुष्काळ पडतो तेव्हा पहिली विहीर कोणाच्या वस्तीतली आटते आणि टँकर सर्वांत शेवटी कोठे पोहोचतो, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपल्या डोळ्यांदेखत.

आता आपल्या शाळेकडे वळतो. ही स्मरणिका वाचणाऱ्या पहिल्या चार-पाच तुकड्यांच्या विद्यार्थ्यांना पटांगणातले अकरा कडुनिंब आठवत असतील. ते कोणी लावले हे सांगण्याची गरज नाही, कारण लावणारेच आज हे वाचत आहेत. तेव्हा शाळेला स्वतःची विहीर नव्हती. हापशावरून कळशीने पाणी यायचे. प्रत्येकाला आंघोळीला एक बादली, आणि त्या आंघोळीचे पाणी वाया जाऊ नये म्हणून मुलांनी न्हाणीपासून झाडांच्या आळ्यांपर्यंत चर खणला होता. २०१२-१३ च्या दुष्काळात आम्ही शिक्षकांनीच म्हटले की यंदा झाडे सोडून द्यावी लागतील. मुलांनी ऐकले नाही. भांडी घासलेले पाणी ती रात्री झाडांना नेऊन घालत. अकराही झाडे जगली.

त्यानंतरच्याच एका एप्रिल महिन्यातला प्रसंग आहे. ऊसतोडीचा हंगाम संपवून एक माउली कारखान्यावरून थेट शाळेत आली होती, मुलाला भेटायला. डोक्यावर बोचके, पायांत धुळीने भरलेल्या चपला. आम्ही कार्यालयाच्या दारात उभे होतो. आत येऊन बसा म्हटले, तर ती संकोचली. पटांगणातल्या कडुनिंबाकडे पाहून तिने विचारले, “सर, त्या झाडाखाली बसलं तर चालंल का? कुणाचं हाय ते?”

आम्ही म्हणालो, “बाई, तुमच्या मुलाचं आहे. त्यानंच पाणी घातलंय त्याला.”

ती त्या झाडाखाली जाऊन बसली. मुलगा आला, तिने बोचक्यातून गुळाचा खडा काढून त्याला दिला. तो खाताना झाडाकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होता. सावलीत बसण्यासाठी परवानगी मागण्याची सवय शंभर वर्षांपूर्वी होती तशीच त्या माउलीच्या बोलण्यात अजून उरली होती, आणि तिच्या मुलात ती नव्हती. पंचवीस वर्षांत या शाळेने काय केले, असे आम्हाला कोणी विचारले तर निकालाच्या टक्केवारीआधी आम्ही हा प्रसंग सांगू.

म्हणूनच एक गोष्ट या स्मरणिकेतच लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने पटांगणात सभागृह बांधण्याचा आणि उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक बसविण्याचा प्रस्ताव संस्थेसमोर आहे. त्या आराखड्यात अकरापैकी सात कडुनिंब जातात. सभागृहाची गरज आम्ही नाकारत नाही. पावसाळ्यात धम्मचक्र प्रवर्तन दिनाची तयारी करायला आपल्याकडे छप्पर नाही, परीक्षेला मुले व्हरांड्यात बसतात. देणगीदारांनी कष्टाचा पैसा दिला आहे आणि त्यांना आपले दान उभे राहिलेले पाहायचे आहे, ही इच्छाही रास्त आहे. पण सभागृहासाठी पाण्याच्या टाकीच्या पश्चिमेला मुरमाड, उताराची जागा मोकळी आहे. ती सपाट करायला खर्च अधिक येईल, काम वर्षभर लांबेल, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही तीच जागा घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. सभागृह कोठेही बांधता येते. वीस-पंचवीस वर्षांचा कडुनिंब कोणत्याही निधीतून विकत आणता येत नाही. आणि पेव्हर ब्लॉकखाली गेलेल्या मातीत पाणी मुरत नाही. ज्या शाळेने बादलीभर पाण्याचा हिशेब ठेवला, तिने पावसाचे पाणी गटारात सोडावे हे बरे दिसणार नाही.

संस्थेतील ज्येष्ठांचा आम्हाला आदर आहे. त्यांनीच आम्हाला येथे नोकरीला ठेवले आणि वाढविले. परंतु मिलिंदाचे नाव घेणाऱ्या परंपरेत प्रश्न विचारणे हा अनादर मानला जात नाही. माजी विद्यार्थ्यांनीही याबाबत आपले मत संस्थेला कळवावे. ती झाडे त्यांची आहेत.

सांस्कृतिक जीवनाबाबतही थोडे आत्मपरीक्षण करू. अलीकडच्या स्नेहसंमेलनांत ध्वनिक्षेपकावर तयार गाणी वाजतात आणि मुले त्यांवर हातवारे करतात. आपल्याकडे आंबेडकरी जलशांची परंपरा आहे. भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक यांनी ढोलकी-पेटीच्या साथीने, बैलगाडीने आणि पायी फिरून खेड्याखेड्यांत विचार पोहोचविला. त्या परंपरेची मुले डीजेच्या भिंतीसमोर मुकी होत आहेत. १४ एप्रिलला सकाळी आपण पंचशील घेतो आणि दुपारपर्यंत पटांगणात प्लास्टिकच्या पेल्यांचा खच पडतो. हे बोलणे कटू आहे, पण बाहेरच्यांनी बोलण्याआधी ते आपणच बोललेले बरे.

उपाय फार खर्चाचे नाहीत. शाळेत जसे प्रवेशाचे जनरल रजिस्टर असते तसे झाडांचे एक रजिस्टर ठेवावे: झाड कोणते, कोणत्या तुकडीने लावले, कोणी वाढविले. नवी झाडे लावताना शोभेची परदेशी रोपे टाळून करंज, उंबर, चिंच, बोर, आपटा अशी या मातीतली झाडे निवडावीत. त्यांवर पाखरे येतात, मुलांना खायला फळे मिळतात. वर्षावासाच्या तीन महिन्यांत आठवड्यातून एक तास वर्ग झाडाखाली भरवावा. मुलांनी स्वतः लिहिलेले हस्तलिखित दर वर्षी निघावे आणि स्नेहसंमेलनात एक तरी नाटुकले मुलांच्या स्वतःच्या जगण्यावरचे असावे. ऊसतोडीवर, वीटभट्टीवर, सोनोग्राफीच्या दारातून परतलेल्या बहिणीवर, जो विषय त्यांना छळतो त्यावर. जयंतीला घरून आणलेल्या स्टीलच्या पेल्यांतून सरबत प्यावे. यांतल्या कोणत्याही गोष्टीला शासनाच्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

नागसेनवनातील पहिल्या पिढीला आपण मोठे मानतो, कारण तिच्याजवळ काही नसताना तिने माळावर वन आणि मूकपणावर वाणी उभी केली. आपल्याजवळ आज इमारत आहे, वीज आहे, विंधन विहीर आहे. त्या पिढीने दिलेल्या सावलीत आपण वाढलो. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांच्या मुलांनी लावलेली ही अकरा झाडे आहेत. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा कोणी माउली बोचके घेऊन फाटकातून आत येईल, तेव्हा तिला बसायला ती जागेवर असावीत, एवढीच आमची विनंती.

नमो बुद्धाय. जय भीम.